टॅकेटची राख आणि टॅकेटचा पंप

१

माणसाची शेवटची इच्छा ही पवित्र गोष्ट आहे आणि तिच्यापुढे बाकी सगळं थांबलं पाहिजे. थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरातल्या सणाच्या गुरुवारी, दुपारी बर्था टेकडीच्या माथ्यावर आमच्या तळानं खरोखरच सगळं थांबवलं होतं, इंजिनं तेवढी सोडून. वाळूत बंद केलेलं इंजिन पुन्हा चालू होईलच असं नसतं, आणि रॉइस टॅकेटवर आमचा जीव असला तरी त्याच्यासाठी टेकडी पायी उतरायची कुणाचीच तयारी नव्हती.

रॉइस वसंतात गेला. चाळीस वर्षं तो दर थँक्सगिव्हिंगला कॅलिफोर्नियाच्या ह्या कोपऱ्यात ट्रेलर ओढत यायचा, गाड्या उतरवायचा आणि रविवारपर्यंत वाळूचे डोंगर चढउतार करायचा. आम्ही सगळे तेच करतो. कशासाठी, असं बाहेरचे लोक विचारतात. आम्ही एकमेकांना विचारत नाही.

‘मला बर्थावरून न्या,’ एवढंच त्याचं मागणं होतं. बर्था आमच्या इथली सगळ्यात उंच टेकडी. म्हणून त्याचा मुलगा लायल त्याची रक्षा एका जुन्या लष्करी काडतुसांच्या पेटीत घालून घेऊन आला. त्या पेटीत रॉइस हयातभर स्पार्क प्लग ठेवायचा. लायल वडिलांची लाडकी बग्गी, नळ्यांचा सांगाडा आणि मागे उघडं इंजिन अशी, स्वतः चालवत वर आला. बाकी आम्ही तीसेक जण मागून. आपापल्या गाड्यांचे झेंडे वाऱ्यावर फडफडत होते, पुरुषांनी हेल्मेटं काढून छातीशी धरली होती. लायलनं बायबलातला एक उतारा इंजिनांच्या वर आवाज चढवून वाचला. मग त्यानं पेटीची कडी सोडली, आत पाहिलं, आणि पाहतच राहिला.

“हे बाबा नाहीत,” तो म्हणाला.

बेनी ओचोआ पुढे झाला. रॉइसचा चाळीस वर्षांचा जोडीदार. त्यानं दोन बोटांत चिमूट धरली, चोळली.

“वाळू आहे.”

वाळूच्या डोंगरावर उभे राहून, चारी दिशांना नजर पोचेल तिथपर्यंत वाळू असताना, तीस माणसांनी ती पेटी हातोहात फिरवून आत वाळूच आहे ना याची खात्री करून घेतली. फक्त रॉइसची बायको आर्डिस हिनं पेटी हातात घेतली नाही. ती लायलच्या बग्गीच्या मागे, सायलेन्सरपासून जेमतेम दोन हातांवर काठी टेकून उभी होती आणि धुराकडे बघत होती. कानांत घालायचे तिचे नारिंगी बोळे दोरीनं गळ्यात लोंबत होते.

“बिचारीला बघवत नाहीये,” माझी बायको म्हणाली. मलाही तेच वाटलं.

२

ह्या सरकारी वाळूची राखण करणाऱ्या रेंजरला सांगावं असं कुणीतरी सुचवलं. पण रेंजरनं आधी रक्षा विसर्जनाचा परवाना मागितला असता, आणि तो कुणी काढलेलाच नव्हता. म्हणून लायल व्हर्ना लिंडक्विस्टकडे गेला. मी तिच्या ट्रेलरच्या सावलीत बसलो होतो, त्यामुळे पुढचं सगळं मला आयतं ऐकायला मिळालं.

व्हर्नानं तीस वर्षं एका विमा कंपनीसाठी जळालेले ट्रेलर तपासले. ट्रेलर स्वतःहून जळत नाहीत आणि माणसं स्वतःहून खरं बोलत नाहीत, एवढं एक तत्त्वज्ञान घेऊन ती निवृत्त झाली आणि गाड्यांऐवजी विणकाम घेऊन आमच्या तळावर यायला लागली.

“रविवारी आम्ही निघणार,” लायल म्हणाला. “ट्रेलर विकायचा ठरलाय. मी काही परत येणार नाही, आई एकटी येऊ शकत नाही. बाबा ह्या तीन दिवसांत सापडले तर सापडले.”

“आणि नाही सापडले तर?”

“आईनं त्यांना शब्द दिला होता. दवाखान्यात. ती रडत नाही, चिडत नाही, काही विचारतसुद्धा नाही. मला त्याचीच धास्ती वाटते, व्हर्ना.”

व्हर्नानं विणकाम बाजूला ठेवलं. “तुला कोणाचा संशय आहे?”

“बेनीकाकाचा.”

“आणि त्याला?”

“माझा,” लायल कडवट हसला. “तो सगळ्या तळाला सांगत सुटलाय.”

बेनी सांगत होता त्यात तथ्य नव्हतं असं नाही. लायल पोहण्याचे तलाव विकतो आणि रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसतो. बापाला आजी-आजोबांच्या शेजारी रीतसर दफनभूमीत जागा द्यावी, असं त्याचं म्हणणं होतं. जागा घेऊनसुद्धा ठेवली होती. आर्डिसनं नाही म्हटल्यावर तो गप्प बसला होता, पण गप्प बसणं आणि पटणं वेगळं.

“तूच लपवलेस का?” व्हर्नानं सरळ विचारलं.

“मला चोरायचे असते तर घरीच चोरले नसते का? एवढ्या लांब ट्रेलरमधून आणून, तीस लोकांसमोर पेटी उघडून कशाला तमाशा करून घेऊ?”

व्हर्नानं मान हलवली. तिच्या धंद्यात असा युक्तिवाद करणारे बरेच भेटले असावेत, आणि त्यातले निम्मे खरे निघाले असावेत.

मग आम्ही टॅकेटांच्या ट्रेलरकडे गेलो. तिथं लायलची बायको क्रिस्टा टर्की तळायला शेंगदाण्याचं उकळतं तेल सांभाळत उभी होती. तिनं चिमटा खाली न ठेवताच जबानी दिली.

“मंगळवारपर्यंत ते जेवणाच्या टेबलावर होते. मी लायलला म्हटलं, एक तर तुझे वडील इथून हलतील नाहीतर मी. त्यांच्यासमोर मला सॅलड चिरवत नाही. मग मीच पेटी ट्रेलरच्या मागच्या गॅरेजमध्ये नेऊन ठेवली, त्यांच्या हेल्मेटशेजारी. आदरानंच ठेवली हो.”

“गॅरेजला कुलूप?”

“दिवसभर मागचं दार सताड उघडं असतं. सगळा तळ त्यातून ये-जा करतो, पेट्रोलच्या पंपाचं बटण आत आहे म्हणून.”

म्हणजे मंगळवारपासून रॉइस टॅकेट सगळ्यांच्या हाताशी होता.

तेवढ्यात ट्रेलरच्या पलीकडच्या बाजूनं एक अस्सल शिवी ऐकू आली, आणि मागोमाग बेनीचा आवाज: “गेला. हाही गेला.”

३

टॅकेटांच्या ट्रेलरबद्दल सांगायला हवं. आमच्याकडचे ट्रेलर म्हणजे पुढच्या अर्ध्यात संसार आणि मागच्या अर्ध्यात खेळण्याच्या गाड्यांचं गॅरेज. मोठमोठ्या माणसांच्या त्या गाड्यांना आम्ही खेळणीच म्हणतो. रॉइसच्या ट्रेलरच्या पोटाखाली पेट्रोलची टाकी होती, बाहेरच्या अंगाला तिचं भरायचं झाकण, आणि शेजारच्या छोट्या दाराआड पंप, नळी, नोझल. जवळचा खरा पेट्रोल पंप तासाभराच्या वाटेवर, त्यामुळे निम्मा तळ रॉइसच्या जिवावर वाळू तुडवायचा. तो कुणाला नाही म्हणत नसे. फक्त एक अट असे: आधी प्रवचन ऐकायचं.

प्रवचनाचा विषय फिल्टर. पंप आणि नोझलच्या मधे त्यानं स्वतःच्या हातानं एक डबीएवढा फिल्टर बसवला होता, आणि संध्याकाळी शेकोटीशी तो जुना फिल्टर हातात धरून, पाद्री पेला उंचावतो तसा उंचावून बोलायचा. “इंधन म्हणजे विश्वास,” तो म्हणायचा. “आणि विश्वास नेहमी गाळून घ्यावा. दहा मायक्रॉन. तुमच्या केसाच्या जाडीचा सातवा-आठवा हिस्सा. त्याच्याहून मोठं काही माझ्या पंपातून कधी गेलेलं नाही, आणि मी मेलो तरी जाणार नाही.” आम्ही हो हो करायचो, कारण टाकी भरून घ्यायची असायची. आर्डिस त्या वेळी कानांत नारिंगी बोळे घालून शब्दकोडं सोडवायची. तळावर उतरल्या क्षणापासून निघेपर्यंत ते बोळे तिच्या कानांत असत. इंजिनं आणि रॉइस, दोन्हींवर तेच औषध.

तर तो पंप गुरुवारी दुपारी बंद पडला होता. आम्ही पोचलो तेव्हा गाड्यांची रांग लागली होती आणि बेनी छोट्या दारात डोकं घालून बसला होता. तळाच्या वतीनं मला हे कबूल केलं पाहिजे की रक्षा नाहीशी झाल्याचं दुःख सगळ्यांना होतं, पण पंप बंद पडल्यावर लोक हादरले.

“मोटर फिरतेय, पेट्रोल येत नाही,” बेनी म्हणाला. “सकाळपासून कण्हत होता.”

“सकाळी मी बग्गी भरली तेव्हाच रडत रडत येत होतं,” लायल म्हणाला. “न्याहारी संपली तरी टाकी भरेना.”

“जुना झालाय.”

“बाबांनी गेल्याच वर्षी नवा बसवला होता.”

“मग तुझ्या हाताला यश नाही म्हण, लेका. बापाला सांभाळता येत नाही, पंप सांभाळता येत नाही.”

“बेनीकाका, तोंड सांभाळून बोला.”

“मी नेहमी सांभाळूनच बोलतो. तू काय करतोयस तेवढं बघ.”

आर्डिस दाराजवळच्या घडीच्या खुर्चीत बसली होती. दोघांचे आवाज चढताच तिनं शांतपणे बोळे कानांत घातले आणि बर्थाच्या दिशेनं बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर दुःख होतंच, पण त्याच्यात आणखी काहीतरी होतं. मला त्या वेळी नाव देता आलं नाही. आता देता येतं. ते समाधान होतं.

व्हर्नानं पंपाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिनं पेटीतली वाळू वर्तमानपत्रावर ओतली होती आणि चष्मा कपाळावर सरकवून ती निवडत होती, तांदूळ निवडावेत तशी. मग तिनं नखानं एक काळं-पांढरं टरफल उचललं आणि बेनीसमोर धरलं.

सूर्यफुलाच्या बीचं होतं. आणि तळावर दिवसभर सूर्यफुलाच्या बिया फोडत हिंडणारा माणूस एकच होता.

४

“बस, बेनी,” व्हर्ना म्हणाली.

बेनी बसला. गालातली बी त्यानं गिळून टाकली, सालासकट. मी त्याला असं करताना कधी पाहिलं नव्हतं.

“ह्या वाळूत तुझी टरफलं आहेत. एक नाही, मूठभर निघतील.”

“माझी टरफलं ह्या वाळवंटात कुठे नाहीत ते विचार.”

“विचारते. कुठे नाहीत?”

बेनीनं पायाखालच्या जमिनीकडे पाहिलं. “इथं खाली नाहीत,” तो म्हणाला. “ट्रेलरच्या आसपास जमिनीवर थुंकलेलं आर्डिसला चालायचं नाही. इथं मी बादलीत थुंकतो.”

“कुठली बादली?”

त्यानं हनुवटीनं दाखवलं. पंपाच्या छोट्या दाराशेजारी, कमरेच्या उंचीवर, एका आकड्याला लाल बादली टांगलेली होती. आग लागली तर विझवायला वाळूची. जिथं पेट्रोल तिथं बादली, हाही रॉइसचाच नियम.

“पेटीत काय होतं ते तुला माहीत होतं. तुझं त्याच्यावर प्रेम होतं. लायलच्या हातून त्याची राख उधळली जावी हे तुला पसंत नव्हतं.”

“नव्हतंच,” बेनी म्हणाला. त्याचा आवाज खाली आला. “आणि रॉइसलाही नव्हतं. हर्शेलच्या वेळी काय झालं आठवतं ना? त्याच्या पोरानं वाऱ्याच्या तोंडाला उभं राहून राख उधळली. निम्मा हर्शेल बटाट्याच्या सॅलडमध्ये. रॉइसनं दोन प्लेट खाल्ल्या आणि मग त्याला कळलं. मला म्हणाला, बेनी, काही झालं तरी मला असं मुठीनं उधळू देऊ नकोस. मी बर्थावरून गेलो तर फुल रेसमध्ये जाईन.”

“मग तू काय केलंस?”

“काही नाही केलं. लायल त्याचा मुलगा आहे. मी कोण? मी पेट्रोल भरायला येणारा.” त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “मी चोरले असते तर बरं झालं असतं, व्हर्ना. निदान कुठे आहेत ते तरी माहीत असतं.”

व्हर्नानं वाळू पुन्हा पेटीत भरली.

“फुल रेसमध्ये, हे त्यानं आणखी कुणाला सांगितलं होतं?”

“शेवटी दवाखान्यात तो फक्त आर्डिसशी बोलायचा.”

त्या संध्याकाळी आम्ही टर्की खाल्ली. लायल आणि बेनी टेबलाच्या दोन टोकांना बसले आणि ग्रेव्हीचं भांडं मागायलासुद्धा एकमेकांशी बोलले नाहीत. बटाट्याच्या सॅलडला कुणी हात लावला नाही. व्हर्ना मात्र मजेत जेवली. जेवताना तिनं एकदाच तोंड उघडलं, तेही मला उद्देशून.

“इथं वाळू किती आहे?”

“किती म्हणजे? वाळूच आहे.”

“तेच म्हणतेय मी. पेटी भरायला वाळू हवी, आणि वाळू पायाखाली आहे. अंगठ्यानं उकरली तरी पेटी भरेल. मग तो माणूस बादलीतून वाळू का काढेल?”

तिनं पम्पकिन पायचा दुसरा तुकडा घेतला.

“उद्या सकाळी सगळ्यांना पंपापाशी बोलाव,” ती म्हणाली. “आणि बेनीला पाना आणायला सांग.”

५

शुक्रवारी सकाळी पंपापाशी आम्ही जमलो: लायल, क्रिस्टा, बेनी, खुर्चीत आर्डिस, आणि साक्षीदार म्हणून मी. पेट्रोलच्या रांगेतले आठ-दहा जण आपण काही ऐकत नाही असं दाखवत कानावर यावं एवढ्या अंतरावर उभे होते.

व्हर्नानं लाल बादली आकड्यावर थोडी कलती केली. अर्ध्याहून जास्त रिकामी होती.

“पेटीत टरफलं सापडली, आणि टरफलं फक्त ह्या बादलीत असतात. म्हणजे वाळू ह्याच बादलीतली. आता मला असं सांगा, अख्खं वाळवंट सोडून कमरेइतक्या उंचीवरच्या बादलीतून वाळू कोण घेईल?”

तिनं बादली पुन्हा सरळ केली.

“ज्याला वाकता येत नाही तो. बेनी दिवसभर गाड्यांखाली आडवा असतो. लायल काल बर्थावर गुडघे टेकून बसला होता. क्रिस्टानं उकळत्या तेलाची कढई जमिनीवरून उचलली, मी पाहिलं. ह्या तळावर ज्याचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत आणि जे माणूस खाली पडलेली काठीसुद्धा दुसऱ्याला उचलायला सांगतं, असं एकच आहे.”

सगळे वळले. आर्डिसनं आपल्याकडे बघतायत असं पाहून कानांतले बोळे काढले.

“काय म्हणालीस?”

“अगं, मी म्हटलं, रॉइसला तू नेलंस.”

“हो,” आर्डिस म्हणाली. “मीच.”

लायल तिच्या खुर्चीसमोर येऊन उभा राहिला.

“बुधवारी तुम्ही सगळे लाकडं आणायला गेलात तेव्हा,” ती म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, बाजारातून काय आणलं ते सांगावं तसा. “त्यानं मला शेवटच्या दिवशी हात धरून सांगितलं होतं. मुठीनं नको. वाऱ्यावर नको. लायलला राग येईल, म्हणून त्याला सांगू नकोस. मला इंजिनातून ने. बर्थावरून, फुल रेसमध्ये, आणि मागून सायलेन्सरमधून बाहेर. मी शब्द दिला.”

“आई,” लायल हळू आवाजात म्हणाला, “तू बाबांना कुठे टाकलंस?”

आर्डिसनं काठीनं ट्रेलरच्या अंगावरचं पेट्रोल भरायचं झाकण दाखवलं.

“नरसाळ्यानं घातला. सावकाश. सांडू दिला नाही. मग पेटी हलकी लागू नये म्हणून वाळू भरली. मला वाटलं, तू डोळे मिटून प्रार्थना म्हणशील आणि उधळून मोकळा होशील. तू उघडून बघशील असं नव्हतं वाटलं.”

“माझं इंजिन,” लायल म्हणाला. बग्गीचं इंजिन त्यानं उन्हाळ्यात नव्यानं बांधून घेतलं होतं. तो हे बोलून गेला आणि लगेच त्याला त्याची लाज वाटली, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं.

“इंजिनाला काही झालं नाही,” आर्डिस म्हणाली. “काल तू त्याला घेऊन वर गेलास. मी बोळे काढून ऐकत होते. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. माथ्यावर पोचलास तेव्हा आवाज बदलला, लायल. एक क्षणभर. तो तोच होता. मी मागेच उभी होते, धूर माझ्या तोंडावर आला. म्हणून मी रडले नाही. पेटीकडे कशाला बघू? तो तर गेला होता.”

क्रिस्टा रडायला लागली. रांगेतल्या एका दाढीवाल्यानं टोपी काढली. आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की बेनी आर्डिसकडे बघत नव्हता. तो हातातल्या पान्याकडे बघत होता. व्हर्नानंही त्याच्याकडे पाहिलं.

“खोल, बेनी.”

“नको,” बेनी म्हणाला. “राहू दे ना, व्हर्ना. ती खूश आहे.”

“ह्या टाकीत अजून पेट्रोल आहे आणि रांगेत माणसं आहेत. कुणीतरी कधीतरी खोलणारच. मग ते तिला माहीत असलेलं बरं.”

“काय माहीत असलेलं?” आर्डिसनं विचारलं.

बेनीनं छोटं दार उघडलं, खाली फडकं धरलं आणि पाना फिरवला. डबी सुटून त्याच्या हातात आली. दिसत होती त्याच्या दुप्पट जड असावी, असा त्याचा हात खाली गेला. त्यानं ती उताणी केली. आत काठोकाठ राखाडी लगदा बसला होता, ओल्या सिमेंटसारखा.

“हे काय आहे?” आर्डिस म्हणाली.

“फिल्टर.”

“म्हणजे?”

बेनीनं घसा साफ केला. “पेट्रोलमध्ये जे जाऊ नये, ते हा अडवतो. पंप बंद पडला तो ह्याच्यामुळे. हा भरलाय, आणि बाकीचा… उरलेलं टाकीच्या तळाशी असणार.”

“म्हणजे काल बर्थावर जे गेलं—”

“ते पेट्रोल होतं, वहिनी. एकदम स्वच्छ.”

आर्डिस डबीकडे बघत राहिली. एवढा वेळ जो चेहरा शांत होता तो आता कुठे खचला.

“हे असलं काही असतं हे मला कुणी सांगितलं नाही,” ती म्हणाली. “कुणी बसवलं हे इथं?”

व्हर्नानं सांगितलं.

“रॉइसनं.”

“त्यानं मला कधी काही बोलून दाखवलं नाही.”

आम्ही सगळे तिच्या गळ्यातल्या नारिंगी बोळ्यांकडे बघत होतो. तिनं आमची नजर कुठे आहे ते पाहिलं, हळूच हात वर नेला आणि बोळे मुठीत धरले. चाळीस वर्षं दर संध्याकाळी त्यानं काय सांगितलं होतं, ते तिला त्या क्षणी ऐकू आलं असावं.

“मी शब्द दिला होता,” ती म्हणाली. आणि मग मात्र ती रडली.

६

सगळ्यात आधी हलला तो लायल. त्यानं बेनीच्या हातातून डबी घेतली, दोन्ही हातांनी, सरळ धरून. क्रिस्टानं खांद्यावरचं स्वैपाकघरातलं फडकं काढून तिला गुंडाळलं आणि वर गाठ मारली. जेवणाच्या टेबलावरून सासऱ्याला हलवणाऱ्या बाईनं ती गाठ दोनदा तपासून पाहिली.

“बेनीकाका,” लायल म्हणाला, “वर्षानुवर्षं बाबांच्या शेजारच्या सीटवर तुम्ही बसत होता. पट्टा कसा आवळायचा?”

“खांद्यावरून उलटा. आण इकडे. तुला नाही जमायचं.”

दोघांनी मिळून डबी बग्गीच्या शेजारच्या सीटवर उभी केली आणि पट्टे आवळले. बेनी मागे सरकला. लायलनं त्याच्याकडे पाहिलं.

“तुम्ही चालवा.”

“मी?”

“मी फुल रेस देणार नाही. मला भीती वाटते. मी तलाव विकतो.”

बेनी स्टिअरिंगमागे बसला. आर्डिसला आम्ही माझ्या गाडीतून टेकडीच्या पायथ्याशी नेलं आणि ती उतरून काठी टेकून उभी राहिली. बोळे तिनं गळ्यातूनसुद्धा काढून मला धरायला दिले. बेनीनं लांबून धाव घेतली. ते इंजिन किंचाळत आमच्यासमोरून गेलं तेव्हा मी स्वतः कानांवर हात ठेवले, हे खोटं कशाला सांगू. आर्डिसनं ठेवले नाहीत. बग्गी चढ चढली, माथ्यावर कुठेही मंदावली नाही, आणि चारही चाकं वाळूपासून सुटली. क्षणभर तिच्याखालून पलीकडचं आकाश दिसलं. मग ती दिसेनाशी झाली आणि नुसता आवाज राहिला.

“आता गेला,” आर्डिस म्हणाली.

“हो,” लायल म्हणाला. त्यानं आईचा हात धरला होता.

दुपारी सगळे वर गेले आणि लायल माथ्यावर फावड्यानं खड्डा खणायला लागला. डबी तिथंच पुरायची, असं आर्डिसच्या मनात होतं. तेवढ्यात रेंजर बाईंची गाडी आली. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, टोपी काढली, आर्डिसचं सांत्वन केलं आणि परवान्याचा विषयसुद्धा काढला नाही. मग त्यांनी फडक्याची गाठ सोडून आत पाहिलं आणि टोपी परत घातली.

वापरलेला इंधन फिल्टर घातक कचऱ्यात मोडतो, त्या म्हणाल्या. तो सार्वजनिक जमिनीत पुरता येत नाही. तालुक्याचं कचरा-केंद्र तो फक्त शनिवारी सकाळी घेतं, पेट्रोल पूर्ण निथळलेलं असेल तर.